दोष आढळला नाही

गेले दोन-तीन वीकेंड हे लिहीन लिहीन म्हणतोय, पण विषय घरचाच असल्यामुळे टाळत होतो. आज रविवार आहे, बाहेर भुरभुर पाऊस आहे, दुसरा चहा झालाय. तेव्हा लिहूनच टाकतो.

आमच्याकडे गाडी आली २०२३ मध्ये. घेण्याआधी मी भरपूर 'अभ्यास' केला होता (म्हणजे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघितले होते). सहा एअरबॅग हव्यात, ऑटोमॅटिक हवी, आणि समोर काही आलं की आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिम तर हवीच हवी. शोरूममधला मुलगा ती सिस्टिम समजावून सांगत होता. कॅमेरा, रडार, अमुक, तमुक. बाबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आमच्याकडे ब्रेक आपोआप लागला की त्याला बाइंडिंग म्हणायचे आणि गाडी पिटवर घ्यायचे."

मुलगा हसला. मीही हसलो. बाबा हसले नाहीत.

बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. तीस वर्षांची नोकरी, त्यातली निम्म्याहून जास्त ब्रेकच्या कामात. ड्रम, लायनिंग, एअर प्रेशर. लहानपणी आम्ही एसटीने कुठेही निघालो, की घाट उतरताना बाबा खिडकीतून बाहेर न बघता डोळे मिटून नुसते ऐकत बसायचे. ड्रायव्हरने गिअर टाकला की मान हलवायचे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे वाक्य मी बाराखडीच्या आसपासच कधीतरी शिकलो असेन.

तर सांगायचा मुद्दा असा, की डिसेंबरात बायपासवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि आमच्या गाडीची पुढची काच तडकली. इन्शुरन्समधून नवी बसवली. दोन तासांत काम झालं, गाडी धुऊनसुद्धा मिळाली. मी खूश.

जानेवारीत एका दुपारी बाबा पौड रोडवरून घरी आले ते घाम पुसतच. "अरे, गाडी आपणहून थांबली. पुढे काहीही नव्हतं." मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो, "बाबा, पाय पडला असेल तुमचा." दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा, आणि तेव्हा मागून एक स्कूटरवाली मुलगी धडकता धडकता वाचली.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी कॉम्प्युटर जोडला, एक चक्कर मारली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'नो फॉल्ट फाउंड'. सर्व्हिस अॅडव्हायझर अगदी अदबीने बोलत होता, पण माझ्याशी. बाबा शेजारीच उभे होते. "सर, काका वयस्कर आहेत, ऑटोमॅटिक गाडी आहे. होतं असं. पाय चुकतो."

आणि मी मान डोलावली.

बस, एवढंच. काही बोललो नाही, नुसती मान डोलावली. घरी आल्यावर बाबांनी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून मंडईत पीएमपीएमएलच्या बसने जायला लागले. आईने विचारलं तर म्हणाले, "पार्किंगची कटकट नको."

आता गंमत बघा. मी रोज हिंजवडीला जाऊन जे काम करतो, त्यातला मोठा भाग म्हणजे लोकांच्या तक्रारी वाचणं. युजर म्हणतो अमुक बटण दाबलं की स्क्रीन गोठते. आम्ही आमच्या मशीनवर दाबून बघतो, गोठत नाही. मग लिहितो, 'रिप्रोड्यूस होत नाही', आणि तक्रार बंद. दर सहा महिन्यांनी कोणीतरी सीनियर मीटिंगमध्ये सांगतो की रिप्रोड्यूस न होणारा बग म्हणजे नसलेला बग नव्हे. आम्ही सगळे माना डोलावतो (माझी मान या कामात चांगली तयार आहे!) आणि पुन्हा तेच करतो.

मे महिन्यात मी एकटाच वाईहून परत येत होतो. एरवी मी ऑफिसच्या बसने जातो, गाडी फक्त वीकेंडला. मधल्या काळात एक-दोनदा गाडी उगाच बीप बीप करून गेली होती, पण म्हटलं पुण्यात बीप होणारच. रविवार संध्याकाळ, कात्रजचा नवा बोगदा संपला, दरी पूल मागे पडला आणि नऱ्ह्याकडे जाणारा तो उतार सुरू झाला.

पुण्यातल्या माणसाला या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री इथेच नवले पुलाजवळ एका ट्रकने एकामागून एक अशी चाळीसहून जास्त वाहनं उडवली होती. १३ नोव्हेंबर २०२५ ला इथेच एक कंटेनर वाहनांवर जाऊन आदळला, आग लागली, आणि आठ जणांचा जीव गेला. दर वेळी बातमीत पहिले दोन शब्द असतात, 'ब्रेक फेल'. २०२२ च्या वेळी मात्र प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितलं की ब्रेक फेल नव्हतेच, ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती.

मी डाव्या बाजूने पुढे चाललेल्या एका टँकरच्या शेजारच्या लेनमध्ये होतो. साठचा स्पीड. रस्ता हलकासा उजवीकडे वळतो, तिथे माझी लेन पूर्ण मोकळी होती. आणि गाडीने धाडकन ब्रेक मारला. सीटबेल्ट छातीत रुतला. समोर लाल दिवा चमकतोय, 'ब्रेक', आणि मागून ट्रकचा तो लांबलचक हॉर्न. मी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तेव्हा गाडीने ब्रेक सोडला. ट्रक उजवीकडून इतक्या जवळून गेला की त्याच्या टायरची गरम हवा जाणवली, किंवा मला तसं वाटलं. पुढे कडेला थांबून मी पाचेक मिनिटं नुसताच बसलो.

साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. मागच्याचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर १७ मीटर संपले. त्यानंतर कारलासुद्धा थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. भरलेल्या ट्रकला त्याहून बरेच जास्त, आणि तेही त्याचे ब्रेक थंड असतील तर. त्या उतारावर ते थंड नसतात. ४० टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात शंभरेक लिटर थंड पाणी उकळेल. ती सगळी उष्णता पायानेच ब्रेकमध्ये ओतली तर लायनिंग तापतं, त्याची पकड जाते, ड्रम तापून फुगतो आणि लायनिंगपासून लांब जातो. पेडल दाबलेलं असतं, पण गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर तपासलं तर ब्रेक ठणठणीत! म्हणजे ड्रायव्हर म्हणतो ब्रेक लागले नाहीत, ते खरं. तपासणारा म्हणतो ब्रेकमध्ये दोष नाही, तेही खरं. आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं तर इंजिनाचा अडसर गेला, एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबला, स्टिअरिंग जड झालं. वर डिझेलही फारसं वाचत नाही, कारण आजकालची इंजिनं गिअरमध्ये उतरताना इंधन आपणहूनच बंद करतात.

हे सगळं मला बाबांनीच कधी ना कधी सांगितलेलं. रात्री घरी पोचलो आणि काय झालं ते सांगितलं. माझी अपेक्षा होती की आता ऐकावं लागणार, "तेव्हा मी काय सांगत होतो?" बाबांनी फक्त विचारलं, "डावीकडे काय होतं?"

"टँकर."

"रस्ता कुठे वळत होता?"

"उजवीकडे."

ते उठले आणि स्वयंपाकघरातून कालनिर्णय काढून आणलं. जानेवारी-फेब्रुवारीच्या पानांमागे, जिथे आई दुधाचा हिशोब लिहिते, तिथे त्यांच्या बारीक अक्षरात तीन नोंदी होत्या. तारीख. वेळ. जागा. स्पीड. 'डावीकडे टेम्पो उभा, रस्ता उजवीकडे.' 'डावीकडे पाण्याचा टँकर, रस्ता उजवीकडे.' तिसऱ्यातही तेच. आणि सगळ्यात वर एक ओळ, 'काच बदलल्यापासून.'

बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, इतका स्वच्छ बग रिपोर्ट मी पाहिलेला नाही. चार महिने तो आमच्या फ्रीजशेजारी लटकत होता.

झालं होतं असं. या सिस्टिमचा कॅमेरा पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे असतो. रडार सांगतं की काहीतरी आहे आणि किती लांब आहे. ते आपल्या वाटेत आहे की शेजारच्या, हे बरंचसं कॅमेऱ्यावर ठरतं. काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तो अंशभर जरी तिरका राहिला, तरी चाळीस-पन्नास मीटरवर जवळजवळ मीटरभराचा फरक पडतो. उजव्या वळणावर आपल्या नाकासमोर डाव्या बाजूचं वाहन येतंच. नीट जुळवलेला कॅमेरा रस्त्याचं वळण ओळखतो आणि ते सोडून देतो. आमच्याला तो टेम्पो आपल्याच वाटेत दिसत होता. सर्व्हिसवाल्यांनी चक्कर मारली ती सरळ रस्त्यावर, मग दोष दिसणार कुठून?

दुसऱ्या शनिवारी बाबा आणि मी कालनिर्णयाची पानं घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. या वेळी बाबा बोलले आणि मी शेजारी उभा राहिलो. सपाट जमिनीवर गाडी उभी करून, पुढे मोजून अंतरावर नक्षीचा बोर्ड लावून कॅमेरा तपासला. तिरका होता. अॅडव्हायझर जरा ओशाळला, म्हणाला, "काका, सॉरी." बाबा म्हणाले, "जॉब कार्डवर लिही."

नंतर मी जरा वाचलं. आपण एकटे नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली, विनाकारण ब्रेक लागतो म्हणून. तक्रारी किती होत्या? ३५४. हजार गाड्यांमागे एकसुद्धा नाही! त्याच महिन्यात होंडाच्या १७ लाख गाड्यांची चौकशी सुरू झाली, तीही अशाच काही शे तक्रारींवरून, आणि २०२४ मध्ये ती जवळपास ३० लाख गाड्यांपर्यंत वाढवली. या ३५४ जणांपैकी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून "पाय चुकला असेल" म्हटलं असतं, तर चौकशी झालीच नसती. तक्रारी एका जागी जमा झाल्या, म्हणून त्यांना वजन आलं.

उलट उदाहरणही आहे. २०१८ मध्ये एका अमेरिकन ग्राहक मासिकाने मोजलं की टेस्लाच्या मॉडेल थ्रीला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागतात, म्हणजे फार. कंपनीने मोबाइलसारखा अपडेट पाठवला आणि अंतर १३३ फुटांवर आलं. एकही नट न फिरवता. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे एका अपडेटने वाढूही शकतं."

आपल्याकडेही सोय आहे, फारशी कोणाला ठाऊक नाही इतकंच. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचं कलम आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि एका मॉडेलच्या तक्रारी विक्रीच्या ठरावीक प्रमाणात गेल्या की कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतं. पण त्यासाठी आधी कोणीतरी नोंदवायला हवं ना. आपण काय करतो? सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलतो, आणि ऐकणारा म्हणतो, "आमच्या गाडीला तर कधी नाही झालं बुवा." (हे म्हणजे आमच्या ऑफिसातलं 'माझ्या मशीनवर तर चालतंय'!)

माझं आता ठरलंय. गाडीने काही वेडंवाकडं केलं तर त्याच दिवशी लिहायचं. तारीख, वेळ, जागा, स्पीड, आजूबाजूला काय होतं, अलीकडे गाडीत काय बदललं. जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यायची. काच बदलली तर कॅमेरा जुळवल्याचा कागद मागायचा. आणि घरातलं म्हातारं माणूस काही सांगत असेल तर लॅपटॉप मिटायचा.

सहा आठवडे झाले, गाडीने पुन्हा तसं केलेलं नाही. सहा आठवड्यांनी काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. कालनिर्णयाची पुढची पानं तयार आहेत.

बाबांना मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. काल सकाळी मंडईत जायचं होतं तर मी खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, "मी शेजारी बसतो." त्यांनी क्षणभर बघितलं, किल्ली घेतली. कर्वे रोडला सिग्नलपाशी मी सवयीने उजवा पाय दाबला, जिथे ब्रेक नव्हताच. बाबांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "पाय चुकला का रे?"