दाखला

मराठीच्या प्राध्यापकाचे निम्मे आयुष्य दाखले देण्यात जाते. अलंकार शिकवायचा, द्या दाखला. म्हणीचा अर्थ सांगायचा, द्या दाखला. पण कर्जत-खालापूरच्या बाजूला नोकरीस आल्यापासून या शब्दाने माझ्यापुढे दुसरेच रूप धरले आहे. माझ्या वर्गातली कित्येक मुले ठाकरवाड्यांतून आणि कातकरवाड्यांतून येतात. 'दाखला' म्हटले की त्यांना उपमा-उत्प्रेक्षा आठवत नाहीत, कचेरीची खिडकी आठवते. आपण जे आहोत तेच आहोत, हे सरकारला पटवून देण्यात त्यांची उमेदीची वर्षे जातात. तुम्हा-आम्हांला हे कोडे कधी पडत नाही. आपण कोण, हे आपले आडनाव आणि आपला पत्ता परस्पर सांगून मोकळे होतात.

वास्तविक या दोन्ही जमातींना दिल्लीने फार पूर्वीच ओळखले आहे. घटनेच्या ३४२व्या कलमाप्रमाणे ६ सप्टेंबर १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी काढली. ही ओळख देतानाही सरकारने हात आखडता घेतलाच. पूर्वीच्या यादीत ठाकरांच्या पुढे तालुक्यांची नावे असत. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर त्यांत होते. या तालुक्यांत राहणारा ठाकर आदिवासी. तोच पोटासाठी यादीबाहेरच्या तालुक्यात गेला, की त्याचे आदिवासीपण सीमेवरच्या दगडापाशी गळून पडे! हा तालुक्यांचा फास १९७६च्या कायद्याने सुटला.

तालुके गेले, तरी शब्द राहिले. यादीतली एक नोंद अशी आहे : ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर. दुसरी नोंद : काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी. भाषेच्या माणसाला या नोंदी वाचताना मौज वाटते. खैराच्या झाडापासून कात करणारा तो कातकरी; म्हणजे त्याचे नाव हाच त्याच्या धंद्याचा दाखला. जंगलावर सरकारचा पहारा बसला, खैर हाताबाहेर गेला, कात गेला. नाव तेवढे उरले. आणि आता त्या नावाचाच पुरावा मागण्यात येतो.

पुराव्याच्या या रीतीत 'आप्तभाव चाचणी' नावाचा एक प्रकार आहे. तुमचे देव कोणते, लग्नाच्या चालीरीती कोणत्या, बोली कोणती, हे विचारायचे आणि माणूस त्या जमातीचा दिसतो की नाही ते ठरवायचे. आता गंमत पाहा. मूल सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा त्याची बोली अशुद्ध म्हणून तिच्यावर लाल शाईची रेघ ओढली जाते. दहा-बारा वर्षे खपून शाळा ती बोली पुसून काढते, आणि मुलगा शुद्ध मराठी बोलू लागला, की कचेरी विचारते, "तुझी बोली कुठे आहे?" सुदैवाने २४ मार्च २०२३ रोजी, महाराष्ट्रातल्या ठाकूर जमातीच्याच प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे असे स्पष्ट सांगितले. जुन्या विश्वसनीय कागदाचे वजन त्यामुळे वाढले.

पण जुना कागद आणायचा कोठून? दिवाळी झाली, की कातकरवाड्या ओस पडू लागतात. ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते. बायकापोरे, भांडीकुंडी घेऊन माणसे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. ज्याचे वर्ष असे दोन ठिकाणी तुटलेले, त्याच्या घरी १९५० सालचा कागद कसा सापडावा?

तीन वर्षांपूर्वी माझा एक कातकरी विद्यार्थी असाच अडला होता. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'कातकरी' होते आणि मोठ्या खटपटीने मिळालेल्या आजोबांच्या नोंदीत 'काथोडी'. एका कचेरीतल्या कारकुनाने जात जुळत नाही म्हणून अर्ज परत केला. मी यादीची प्रत घेऊन त्याच्याबरोबर गेलो आणि ती एकच नोंद मोठ्याने वाचून दाखवली. व्याकरण शिकवल्याचे सार्थक झाले असे मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटले आहे; त्यांतली ही एक. पुढे रहिवासाच्या दाखल्यासाठी आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचबाईंनी क्षणभरही वेळ लावला नाही. "ह्याच्या आजीनं आमच्या घरी भात सडलंय, सर. ह्याला मी ओळखत नाही तर कोण ओळखणार?" असे म्हणून त्यांनी सही ठोकली.

इथे ही गोष्ट गोड शेवट करून थांबवता आली असती. पण तो मुलगा ज्या वाडीत राहतो, तिची बावीस घरे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. कातकऱ्यांच्या पुष्कळ वाड्यांची हीच स्थिती. पूर्वी खोताला, जमीनदाराला राबायला माणसे हवी होती. त्याने बांधाच्या कडेला झोपड्या घालू दिल्या. पुढे मालकाच्या मुलांनी जमीन विकायला काढली. कर्जत-खालापूरला आता भातापेक्षा फार्महाऊसचे पीक जोरात आहे. या वाडीभोवतालची जमीन विकली गेली आणि तारेचे कुंपण शेवटच्या घराच्या न्हाणीपर्यंत आले. सातबाऱ्यावर वाडीचे नावही नव्हते.

यावर इलाज नाही असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १२२व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकारी अशा वस्तीला गावठाण म्हणून घेऊ शकतात. त्या प्रस्तावाला बळ यायचे तर ग्रामसभेचा ठराव पाठीशी हवा. रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला नाही. त्यामुळे १९९६च्या पेसा कायद्याने आदिवासींच्या ग्रामसभांना दिलेले अधिकार या वाड्यांना नाहीत. माणूस अनुसूचित, पण त्याची जमीन नव्हे! म्हणून मोठ्या गावाच्या सभेत बावीस घरांनी हात जोडून उभे राहायचे. त्या वर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय निघाला, तेव्हा मी मागे बसलो होतो. ज्या सरपंचबाईंनी सही करताना हात आखडला नव्हता, त्या कागद चाळू लागल्या. कुणी म्हणाले, मालकाला विचारा. कुणी म्हणाले, उगाच कोर्टकचेरी होईल. विषय तहकूब झाला. बाहेर एक म्हातारा कातकरी मला म्हणाला, "गुरुजी, पोराला कागद भेटला. पन तो ठेवायचा कुठं?"

हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजू नये. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात लंबी नावाची जमात आहे. राज्याने तिला १८८५ साली ओळखले. वॉशिंग्टनच्या सरकारने १९५६ साली कायदा करून तिचे नाव मान्य केले आणि त्याच कायद्यात, आदिवासी म्हणून मिळणाऱ्या सोयी मात्र हिला मिळणार नाहीत, अशी मेख मारून ठेवली. पूर्ण मान्यता मिळायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. तिकडे एखादी जमात अशी मान्यता मागू लागली, की आसपासची जिल्हामंडळे ठराव करतात. काही पाठिंब्याचे, काही विरोधाचे. विरोधामागे पुष्कळदा जमीनच असते, कारण केंद्राने जमातीसाठी विश्वस्त म्हणून घेतलेली जमीन स्थानिक करातून सुटते. माणसाला ओळख द्यायला शेजाऱ्याचे काही जात नाही. त्याच्या पायाखालच्या जमिनीला ओळख द्यायची वेळ आली, की शेजाऱ्याची परीक्षा सुरू होते.

ती परीक्षा टाळल्याने काय होते, हे खालापूर तालुका विसरू शकत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. हे ठिकाण दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारने त्या वेळी सांगितले. माणसे यादीत होती; वाडी नव्हती. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला देशातल्या ७५ अतिदुर्बल आदिवासी जमातींसाठी केंद्राने 'पीएम-जनमन' योजना सुरू केली. कातकरी त्यांत आहेत आणि पक्के घर हा त्या योजनेचा मोठा भाग आहे. पण घर बांधायला आधी जागा लागते, आणि जागेची वाट पुन्हा पंचायतीच्या दारावरूनच जाते.

वाचकहो, तुमच्यापैकी काहींनी आमच्या बाजूला जागा पाहिलीही असेल. हवा छान, पावसात धबधबे, मुंबई-पुणे जवळ. जरूर या. मात्र सौदा करण्यापूर्वी सातबाऱ्याबरोबर शेजारची वाडीही एकदा डोळ्यांनी पाहा. तिच्या गावठाणाचा ठराव झाला आहे का, हे पंचायतीत विचारा. झाला नसेल, तर वाडीपुरते गुंठे सोडून उरलेल्याचा व्यवहार करा. शहरातून आलेल्या ग्राहकाने एवढे विचारले, तरी ग्रामसभेत ठराव मांडणाऱ्याच्या आवाजाला धार येते.

आमच्या वाडीचा ठराव आजही तहकूबच आहे. तो येत्या २६ जानेवारीच्या सभेत पुन्हा मांडायचे घाटते आहे. पण ग्रामसभांच्या चार नेहमीच्या दिवसांपैकी २६ जानेवारी आणि १ मे हे दोन भट्टीच्या हंगामात पडतात. त्या दिवशी वाडी विटा थापत असेल. तो विद्यार्थी मात्र परीक्षेसाठी मागे राहणार आहे. सभेत वाडीच्या बाजूने वर होणारा, वाडीतला असा एकच हात असेल. बाकीचे हात गावाला वर करावे लागतील.