हिमालयाची लेक, स्कॉटलंडच्या अंगणी

टे नदीकाठचे पर्थ हे स्कॉटलंडमधले टुमदार शहर. तेथील ब्रँकलिन बाग जेमतेम दोन एकरांची. पण मेअखेरीस तिच्यात निळ्या पॉपी फुलल्या, की त्या पाहायला दुरून माणसे येतात. आपल्या खसखशीच्या कुळातले हे फूल मूळचे हिमालय-तिबेटचे. १९२४ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी आग्नेय तिबेटातून त्याचे बी ब्रिटनला नेले आणि ते तेथल्या बागांत रुजले.

थंड, दमट उन्हाळा, कुजलेल्या पाल्याची आम्ल माती आणि विरळ सावली मिळाली, की स्वारी खूश! मुळाशी पाणी साचले किंवा ऊन तापले, की मान टाकलीच. म्हणूनच पुण्या-नागपूरच्या कुंडीत हिचा हट्ट धरू नये.

स्कॉटलंडच्या बागांत तिचे प्रकार ताडून पाहण्यात खरी गंमत आहे. तिबेटची 'बेलीई' भरपूर बी देते. पण कोवळेपणी फुलली तर मरण्याचा धोका, म्हणून माळी पहिली कळी खुडतात. संकरित 'लिंगहोम' दणकट, मोठ्या फुलांची. तीही बी धरते. 'स्लीव्ह डोनार्ड'ला मात्र बीच धरत नाही. अधूनमधून तिचे गड्डे सोडवून वेगळे लावावे लागतात.

उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समधली काटेरी निळी पॉपी पावसाळ्यात फुलते, बी सांडते आणि मरते. तिला माळी लागत नाही. 'स्लीव्ह डोनार्ड' मात्र आजवर जगली, ती माळ्याने माळ्याला दिलेल्या रोपांवरच!