शिकागोत मराठी शोधताना

थोरल्या मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले त्याला बरेच दिवस झाले, पण त्यावर लिहायचं राहूनच जात होतं. नायगारा, डिस्नेलँड यावर सगळेच लिहितात, आणि फोटो तर तुम्ही नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाहिलेच आहेत. मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढ्या मोठ्या परक्या शहरात आपली भाषा बोलणारं माणूस सापडतं कसं? आणि सापडल्यावर पुढे काय होतं? जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, ती खोड काही जायची नाही!

आमच्या वेल्हे-भोरकडची माणसं गिरणीत आणि गोदीत कामाला मुंबईला जायची, तेव्हा हा प्रश्न नव्हता. परळ-लालबागला गावागावाचे गाळे असत. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीपाळीनं झोपायचे. माझे चुलते अशाच एका गाळ्यात राहिले. गावचा नवा पोरगा एस.टी.तून उतरला की पत्र्याची पेटी घेऊन सरळ गाळ्यावर. त्याला मराठी शोधावी लागायची नाही, फक्त आपल्या खोऱ्याची माणसं शोधायची.

शिकागोला पहिल्यांदा गेलेल्यांचं तसं नव्हतं. तिथले एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ मला सांगत होते, सुरुवातीला त्यांच्याकडे मराठी माणूस शोधायचं एकच साधन होतं, ते म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी. शेवटी 'कर' असलेलं आडनाव दिसलं की फोन लावायचा आणि एकदम मराठीतच बोलायला सुरुवात करायची. मी मनात म्हटलं, आमच्याकडचे शिळीमकर, पासलकर सापडले असते हो, पण मरळ, ढेबे, रेणुसे यांचं काय? त्यांना कुणी फोन केला असता?

असो. तर अशी माणसं जमवत जमवत १९६९ साली शिकागोचं महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. पुढे गावोगावच्या अशा मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ साली शिकागोतच स्थापन झालं, आणि त्याची अधिवेशनं दर दोन वर्षांनी अमेरिकेतल्या वेगवेगळ्या शहरांत भरू लागली. गणपती, दिवाळी, नाटकं, सगळं होतं. मुलांसाठी मराठी शाळाही आहेत. पालकच शिकवतात, आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्यानं परीक्षासुद्धा होतात. आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी फुकट शिकवायला उभं राहणं सोपं नाही. मी पगार घेऊन शिकवलंय, मला त्याची किंमत कळते.

मी २०२४ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत मुलाकडे होते. तो शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. नात अकरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "जेवलीस का गं?" म्हटलं की "येस आजी." एका रविवारी तिच्याबरोबर मराठी शाळेत गेले. वर्गात मुलं छान वाचत होती, जोडाक्षरंसुद्धा अडत नव्हती. एका मुलीनं तर 'कृतज्ञता' असा काही स्वच्छ उच्चारला की मी टाळी वाजवली. मग मधली सुट्टी झाली. मुलं व्हरांड्यात आली आणि सगळी एकदम इंग्रजी बोलायला लागली! खाऊ वाटून घेणं, चिडवणं, रुसणं, सगळं इंग्रजीत. पाच मिनिटांपूर्वी 'कृतज्ञता' म्हणणारी मुलगीसुद्धा.

कुणाला दोष द्यायचा? मास्तरांशी बोलायला एक भाषा आणि दोस्तांशी बोलायला दुसरी, हे मुलांनी कधीच ठरवून टाकलेलं असतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो व्हरांडाच बसला.

याच सुमारास शेजारच्या आजींची ओळख झाली. वय अठ्ठ्याहत्तर, माझ्याहून थोड्या मोठ्या. आमचं बोलणं म्हणजे माझं मोडकं इंग्रजी आणि जमेल तिथे नातीचं भाषांतर. मार्चात शिकागोची नदी हिरवी रंगवतात, आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिकच्या सणासाठी. १९६२ पासूनची प्रथा. मी ती पाहून आले हे कळल्यावर बाई म्हणाल्या, हिरवा रंग सगळ्यांना माहीत आहे, पण आमची एक भाषा होती हे किती जणांना माहीत आहे?

त्यांची आजी आयर्लंडच्या गॉलवे भागातून आलेली. ती आपल्या बहिणीशी स्वयंपाकघरात आयरिश बोलायची आणि मुलं आत आली की गप्प व्हायची. इंग्रजी आलं तरच पोटाला मिळेल, ही भीती घरोघर होती. तिच्या आधीच्या पिढ्यांत तर कित्येक शाळांत मुलाच्या गळ्यात काठी बांधत. तो आयरिश शब्द बोलला की काठीवर एक खाच, आणि संध्याकाळी खाचा मोजून छड्या. मी मास्तरीण, हे ऐकून अंगावर काटा आला.

आता या बाई दर आठवड्याला मोटारीनं तासभर लांब, शहराच्या उत्तरेला असलेल्या आयरिश केंद्रात भाषा शिकायला जातात. ते केंद्रही एका जुन्या शाळेच्या इमारतीतच आहे. घरात त्यांच्याशी आयरिश बोलणारं कुणीही नाही. मी विचारलं, तिथे काय शिकता? तर म्हणाल्या, वर्गापेक्षा वर्ग सुटल्यावरचा चहा महत्त्वाचा, तेव्हा नुसत्या गप्पा मारायच्या. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे!

मग मी मुलाकडून संगणकावर थोडं शोधून घेतलं. ब्रुकलिनमधून 'अन गेल' नावाचं आयरिश-इंग्रजी मासिक १८८१ साली निघालं होतं. आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या बरोबर शंभर वर्षं आधी! म्हणजे मंडळं, मासिकं, वर्ग, हा सगळा रस्ता ते आपल्या आधी चालून गेलेत. खुद्द आयर्लंडमध्ये स्वातंत्र्यानंतर शंभर वर्षं शाळेत आयरिश शिकवतात. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १९ लाख लोकांनी आम्हाला आयरिश येतं असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७२ हजारांच्या आसपास. मला लगेच तो व्हरांडा आठवला. मराठीचं तसं नाही, आपण कोट्यवधी आहोत, इकडे काही भीती नाही. पण नेपरव्हिलच्या एका घरात मराठी बोलणारं पोर एकच असेल, तर त्या घरापुरता हिशेब आयरिशसारखाच की.

तेव्हा मी एक उद्योग केला. धाकट्या मुलाची मुलगी इथे वेल्ह्यात आहे, बारा वर्षांची. तालुक्याचं नाव आता राजगड केलंय, पण आमच्या तोंडी वेल्हेच. तिकडे शनिवारी रात्रीचे नऊ म्हणजे इकडे रविवारी सकाळचे साडेसात. दोघींना फोनवर समोरासमोर बसवलं आणि मी उठून गेले. मोठ्या माणसांनी तिथे बसायचं नाही, एवढाच नियम.

पहिले दोन रविवार नुसतं "हाय", "काय करतेस", "काही नाही". तिसऱ्या रविवारी कुत्र्यावरून भांडण झालं. कुणाचं कुत्रं हुशार? वेल्ह्याच्या पोरीला इंग्रजीत भांडता येत नाही, मग हिला मराठीत भांडावं लागलं! जुलैत इकडे भातलावणी सुरू होती. धाकटीनं फोन खाचरावर नेला, चिखलात उभी राहून आवण दाखवलं, डोक्यावरचं इरलं दाखवलं. मागे तोरणा ढगात बुडालेला. मधेच नेटवर्क गेलं, तर ही रडकुंडीला आली.

सूनबाई पुण्याची. एक दिवस म्हणाली, "आई, ती 'व्हतं', 'न्हाई' बोलायला लागलीय. मराठी शाळेच्या परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील हो." तिचंही चूक नाही. मी म्हटलं, "अगं, परीक्षेत 'होतं' लिहू दे. बहिणीशी बोलताना 'व्हतं' तर व्हतं." त्यावर ती हसली, पण पूर्ण पटलेलं दिसलं नाही. हा वाद आमच्यात अजून चालू आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी परत आले होते. मुलाचा फोन आला, तिकडे सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. मी विचारलं, पोरगी कुठाय? म्हणाला, "दार लावून बसलीय, तुझ्या वेल्ह्याच्या नातीशी बोलतीय. मला आत येऊ देत नाही."

फोन अजून चालू आहेत, परीक्षा असली की खाडा होतो. मागच्या रविवारी दोघींचं पुन्हा काहीतरी बिनसलंय, कारण मला कुणीच सांगत नाही. येत्या रविवारी कळेल, नेटवर्क असलं तर.