अर्धा विनोद प्रेक्षकाच्या खिशात

दादा कोंडक्यांच्या ‘राम राम गंगाराम’चं नाव आधी ‘गंगाराम वीस कलमे’ असं ठरलं होतं. हे सांगितलं की माझ्या रसास्वाद शिबिरातली साठीपुढची मंडळी खुदकन हसतात आणि कॉलेजची मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आणीबाणी लागल्यावर आठवडाभरातच, १ जुलै १९७५ला, इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. मग भिंतींवर वीस कलमं, रेडिओवर वीस कलमं. अशा दिवसांत एका गावरान गंगारामला ‘वीस कलमे’ हे आडनाव चिकटवायचं, हा दादांचा चावटपणा. तो खपवून घेतला जाणं शक्यच नव्हतं. नाव बदललं आणि १९७७मध्ये चित्रपट आला. दादांना विनोद समजावून सांगावा लागला नसता. त्याचा अर्धा भाग प्रेक्षक घरूनच खिशात घालून येणार होता. आजच्या मुलांचा तो खिसा रिकामा आहे, एवढीच अडचण.

चित्रपट रसास्वाद शिकवणं हा माझा व्यवसाय. महाड, पोलादपूर आणि वरच्या घाटाकडच्या गावांत शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर देवळाच्या सभामंडपात पडदा लावतो, जुने मराठी चित्रपट दाखवतो आणि नंतर गप्पा. मुलं भाषेला अडत नाहीत, हे मी आधीच सांगून टाकतो. कृष्णधवल रंगालाही ती कंटाळत नाहीत. ती अडतात ती दिग्दर्शकाने न सांगितलेल्या गोष्टीपाशी.

तारेचंच घ्या. जुन्या चित्रपटात पोस्टमन दारात येऊन “तार!” म्हणतो आणि बाई कागद उघडण्याआधीच पदर तोंडाला लावते. पोलादपूरकडच्या एका गावात नववीतली मुलगी मोठ्याने म्हणाली, “अजून वाचलंच नाही, मग रडते कशाला?” मागून एक आजी फिस्कारल्या, “अगो, तार आली ना!” त्यांच्या लेखी विषय संपला होता. या भागात तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला, बहुतेक गिरणीत. महिन्याला मनिऑर्डर, सणाला पत्र, आणि तार म्हणजे कोणीतरी गेलं. दिग्दर्शकाला मजकूर दाखवायची गरजच नव्हती. तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. त्या मुलीने तार कधी पाहिलीच नसणार. आजींनी मग तिला घरी आलेल्या एका तारेची हकीकत सांगितली, आणि आमचा पुढचा अर्धा तास त्यातच गेला. माझ्या व्याख्यानापेक्षा ती हकीकत कितीतरी सरस होती.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) तर मुलांना तोंडपाठ आहे. घरमालकाकडून घेतलेले इस्तंबूलच्या औषधाचे सत्तर रुपये त्यांच्या मोबाइलवर स्टिकर होऊन फिरतात. पण मधुमेहाचं औषध इस्तंबूलहून का मागवायचं, हे विचारलं की शांतता. १९९१च्या उदारीकरणापूर्वी परदेशी वस्तू म्हणजे कोणीतरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून यायची गोष्ट; ‘फॉरेनचं’ म्हटलं की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवायचा. घरमालक फसतो तो या भाबडेपणामुळे. मुलं हसतात ती अशोक सराफांच्या बोलण्याच्या फेकीला. तेही काही कमी नाही म्हणा!

‘झपाटलेला’ (१९९३) पाहताना प्रश्न वेगळाच येतो: नायकाला बोलक्या बाहुल्यांचं हे कसलं वेड? चित्रपटातला खलनायक बाहुला तात्या विंचू सगळ्यांना ठाऊक, अर्धवटराव कोणालाच नाही. य. के. पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव पुढे रामदास पाध्यांनी घराघरांत नेला, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच. तात्या विंचूच्या बाहुलीमागेही तेच होते. १९९३च्या प्रेक्षकाला बोलकी बाहुली म्हणजे घरातलं, हसवणारं माणूस. तीच सुरा घेऊन उठते म्हणून अंगावर काटा. परदेशी चित्रपटातली खुनी बाहुली चकी १९८८ला आली होती, पण आपल्याकडची भीती या ओळखीतून आली. ओळखच पुसली गेल्यावर भीती निम्मी उरते.

मात्र सगळे संदर्भ सगळीकडे एकदम जुने होत नाहीत. एका जुन्या चित्रपटात गावात दिवसातून एकच एसटी येते आणि ती चुकली म्हणून अख्खा घोटाळा होतो, हे पाहून पुण्याची मुलं म्हणतात, किती ताणलंय! पोलादपूरच्या डोंगराकडची मुलं हसतही नाहीत. मुक्कामाची गाडी चुकली तर काय होतं, हे त्यांना चित्रपटाने शिकवायची गरज नाही. उलट, १ जानेवारी १९८१पर्यंत आपल्या रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, हे त्यांना माहीत नसतं. ‘जैत रे जैत’ (१९७७) आला तेव्हा त्यातले डोंगर कुलाबा जिल्ह्यातले होते, असं मी म्हटलं तर मुलं मुंबईच्या कुलाब्यात डोंगर शोधायला लागतात.

यावर उपाय म्हणून काही जण पडद्यावर तळटिपा टाका म्हणतात. मला ते पटत नाही. चित्रपट थांबवून समजावलेला विनोद मेलेलाच असतो. मी सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो आणि एकदा दिवे मालवले की तोंड उघडत नाही. म्हातारी माणसं मात्र मुद्दाम मुलांच्या मध्ये बसवतो. ती बोलतात, बोलू द्यावीत.

पण माणसांच्या आठवणींना कागदाचाही आधार लागतो, आणि इथे तो फार वेगाने जातो आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत घरंच्या घरं पाण्याखाली गेली. ट्रंकांतले कागद आणि फोटो चिखलात गेले. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत थिएटरबाहेर मिळणारी गाण्यांची चोपडी, सिनेमाचं हँडबिल किंवा दूरदर्शनवरून जाहिरातींसकट रेकॉर्ड केलेली व्हिडिओ कॅसेट हाताला लागली, तर रद्दीत घालू नका. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून असा ऐवज जपत आलं आहे. टाकण्याआधी त्यांना विचारा. आणि घरात कोणी जाणतं माणूस असेल, तर ते कागद आधी त्यांच्यापुढे ठेवा आणि ते जे सांगतील ते मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.