उंबरठ्यावरची सुवार्ता

ऑक्टोबर महिना लागला की आमच्या टेबलावर मिशन रविवारच्या लिफाफ्यांचा गठ्ठा येऊन पडतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस ख्रिस्तसभेला नेमून दिला. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभर मिशनकार्यासाठी प्रार्थना होते, दान गोळा होते. या दानावर दूरदूरच्या गरीब धर्मप्रांतांचे कार्य चालते, म्हणून त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु लिफाफा भरून परत आला की मिशन झाले, ही सवय आमच्या लोकांना दुसऱ्या कोणी नव्हे, आम्हीच लावली, ही कबुली आज द्यावयाची आहे.

ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांचे मिशनकार्याविषयीचे विश्वपत्र डिसेंबर १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि आम्ही तो उत्तम सोडवला. खरी परीक्षा पुढे अमळनेरला झाली.

खानदेशात नेमणूक झाल्यावर तेथील काही कुटुंबांच्या घरी मिस्सा अर्पण करावयास आम्ही जात असू. भुसावळ-सुरत मार्गावरील गाडीने उतरायचे, मिस्सा आटोपायची आणि परतीची गाडी गाठायची. ज्या घरी मिस्सा होई तेथे एक वृद्ध आजी होत्या. अहिराणी हीच त्यांची भाषा. आमचे प्रवचन आपल्याला अर्धेच कळते, हे त्यांनीच एकदा हसत सांगितले होते. आम्हीही हसलो आणि पुढच्या खेपेस तसेच प्रवचन दिले.

एके दिवशी मिस्सा संपता संपता शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा लहान मुलगा तीन दिवस तापाने फणफणत होता. "फादर, घरी येऊन पोरासाठी दोन शब्द म्हणाल का?" त्यांनी विचारले. आम्ही घड्याळाकडे पाहिले. घड्याळ हे निमित्त होते, मनात भय होते. फादर परक्या घरात शिरले, आता धर्मांतर करतील, असे उद्या कोणी म्हणाले तर? "येथूनच प्रार्थना करतो," असे म्हणून आम्ही पिशवी उचलली. आजी मात्र उठल्या. घरातली पेज भांड्यात घेऊन त्या शेजारच्या उंबरठ्याच्या आत गेल्या, आणि मुलाच्या उशाशी मध्यरात्रीपर्यंत बसल्या, हे आम्हांला पुढच्या खेपेस कळले.

त्याच खेपेस शेजारणीने आमच्यादेखत आजींना विचारले, "तुम्ही एवढ्या का बसलात माझ्या पोराजवळ?" पंधरा मिनिटांचे उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. आजींनी ते देऊ दिले नाही. तरुणपणी पती वारले, पदरी लेकरे होती, त्या रात्रींविषयी त्या अहिराणीत सांगू लागल्या. येशूविषयी त्या एवढेच म्हणाल्या, "तो मनासंगे व्हता." शेजारणीने डोळ्यांना पदर लावला.

अमळनेरला हे नवे नाही. साने गुरुजी येथे १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांचे कपडे ते स्वतः धूत, अंथरुणे नीट करून ठेवीत. मुलांना त्यांनी धर्म शिकवला तो आधी हातांनी. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापले गेले. परदेशातून आलेल्या माणसाने आपली ओवी आत्मसात केली, आणि आम्ही, याच मातीतले, आजींची बोली शिकलो नाही! संत तेरेजा पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी, १८९७ साली, वारली. मिशनभूमीवर तिने पाऊलही ठेवले नव्हते, तरी १९२७ साली ती मिशनकार्याची आश्रयदाती ठरली. आजींना हे ठाऊक नव्हते.

राहिले आमचे भय. घटनेच्या २५व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. आमच्या मते हृदय पालटणे हे देवाचेच काम आहे. तो अधिकार आमच्याकडे कधीच नव्हता. परंतु आजारी लेकराच्या उशाशी बसावयास कोणत्या कलमाची परवानगी लागते?

त्यानंतर आम्ही प्रवचन आखूड केले. मिस्सेनंतर घरातल्या कोणी एकाने, आपल्या बोलीत, देवाने आपल्याला कसे सांभाळले ते सांगावे, असे ठरवले. पहिले चार-पाच महिने सर्वजण जमिनीकडे पाहत बसत. (प्रार्थना तोंडपाठ असलेल्या माणसाला साक्ष देणे किती अवघड जाते!) मग एका सुनेने तोंड उघडले. हळूहळू दवाखान्यात कोण आहे, कोणाचे पोर शाळेतून गळाले, याची विचारपूस तेथेच होऊ लागली, आणि ती आपल्या चार घरांपुरती उरली नाही.

धर्मग्रामाच्या सभेत एका सद्गृहस्थांनी विचारले, "फादर, यातून बाप्तिस्मे किती झाले?" एकही नाही. त्या शेजारीणबाई आजही वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीकाठी जातात आणि प्रसाद आमच्या कुटुंबाकडे आणून देतात. नाताळचा फराळ त्यांच्याकडे जातो. सद्गृहस्थांचे समाधान झाले नाही. आमचेही पूर्ण झाले आहे, असे म्हणवत नाही.

आजी आता प्रभूच्या घरी आहेत. मध्यंतरी आम्ही अमळनेरला पोहोचलो तर घराला कुलूप. मिस्सेची वेळ टळून चालली होती. चौकशी केली तेव्हा कळले, शेजारणीच्या सासूबाई पहाटे गेल्या आणि आमची सगळी माणसे तेथेच होती. सून चुलीपाशी होती, मुले पाणी भरत होती. आम्ही पिशवी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि आत गेलो.