मोजे काढ, बापू

औसा



तू रात्री पाठवलेला अंगठ्याचा फोटो सकाळी चहाच्या वेळी बघितला. चहा तसाच राहिला. तुझी वहिनी घाबरून म्हणाली, कुणाचं काय झालं? मी म्हटलं, बापूचं नख. ती हसली. मला हसू आलं नाही.

फोटोखाली तू लिहिलंयस, "दादा, कुठली ट्यूब लावू? सध्या इथल्या मेडिकलवाल्याने दिलेली लावायलोय. नखाचं काय एवढं." ट्यूब लावायला सुरुवात करून मग कुठली लावू म्हणून विचारणारा आपल्या घराण्यात तू एकटाच. आणि "नखाचं काय एवढं" हे मी याआधी कुणाच्या तोंडून ऐकलंय, ते तुला सांगायला नको.

भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, लग्नाच्या पंगतीत तू मोजे घालून का बसला होतास हे आत्ता उलगडलं. मला वाटलं, चाकणची तऱ्हा असेल.

आधी त्या ट्यूबचं. फोटोच्या कोपऱ्यात तिचं टोपण दिसतंय, तेवढ्यावरून ओळखली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टिरॉइड, अशी खिचडी असते ती. दोन दिवसांत खाज थांबते ती स्टिरॉइडमुळे. बुरशी जागच्या जागी असते, फक्त अंगाने तिच्याशी भांडायचं सोडलेलं असतं. मला कसं ठाऊक? मीच विकलीय. गजकर्ण म्हटलं की माझा हात आपोआप त्या फळीकडे जायचा. गिऱ्हाईक दोन दिवसांनी "गुण आला" म्हणायचं, आणि महिन्याभराने तेच गिऱ्हाईक जांघेपासून पोटापर्यंत पसरलेला नायटा घेऊन परत यायचं. मी पुन्हा तीच ट्यूब द्यायचो. २०१८ साली सरकारने अशा चौदा स्टिरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली, तेव्हा धंदा बुडाला म्हणून कुरकुरणाऱ्यांत मीही होतो. पुढे २०२० मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांवरून एका बुरशीला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नेहमीच्या गोळ्यांना पुष्कळदा दाद न देणारी. नखात ती क्वचित, अंगावर जास्त. पण नावातच आपला देश घेऊन जगभर हिंडायलीय, आणि तिला खतपाणी घालणाऱ्यांत औशाच्या एका दुकानदाराचाही वाटा असेल, हे दुकान पोराच्या हाती दिल्यावर मला रात्री आठवतं. असो. ट्यूब कचऱ्यात टाक. नखाच्या आत तसंही मलम उतरत नाही.

दुसरं. ही बुरशीच आहे हे तुला कुणी सांगितलं? पिवळं पडलेलं, जाड झालेलं, चुरा होणारं नख म्हणजे बुरशीच असं नाही. अशा नखांतली जवळपास निम्मी दुसऱ्याच कारणाची निघतात. सोरायसिसने होतं, माराने होतं. आणि तुझा हा अंगठा तोच ना रे, किल्लारीच्या भूकंपातला? त्र्याण्णवच्या त्या पावसात दगड उचलताना ठेचलेला? तेव्हा नख काळं होऊन गळून पडलं आणि नवं आलं ते वाकडंच. मार बसलेल्या नखात बुरशीलाही शिरायला सोपं जातं, आणि नुसत्या मारानेही नख असं दिसतं. म्हणून आधी तपासून घे. नखाखालचा भुगा खरवडून पोटॅशच्या द्रावात घालतात आणि भिंगाखाली बघतात. फार खर्चाचं नाही. तिकडे वेळ मिळत नसेल तर इकडे ये, लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चामडीच्या डॉक्टरांना दाखवू, सकाळच्या एसटीने मी येतो बरोबर.

आता माझं नेहमीचं गाऱ्हाणं. तू म्हणशील, सुरू झाला दादा. होय, झालो. आपल्या लोकांना पाय धुता येतात, पुसता येत नाहीत. शेतातून आला, धू पाय. मयतीहून आला, धू पाय. पाहुणा आला की आधी तांब्या पुढे. जावयाचे धुतो, महाराजांचे धुतो. आणि मग त्याच ओल्या पायांनी घरभर, त्याच ओल्या पायांत मोजे. आण्णा काय करायचे आठव. मोरीच्या दगडावर बसून जुन्या धोतराची पट्टी बोटांच्या प्रत्येक बेचक्यातून ओढायचे, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, जानवं घासल्यासारखी. आपण हसायचो. जन्मभर काळ्या रानात अनवाणी चाललेला माणूस, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, पण नखं शेवटपर्यंत स्वच्छ. २०१५ चा पावसाळा कोरडा गेला ना, तेव्हा दुकानात चिखल्यांचं मलम पडून राहिलं. पुढच्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पाय धुवायला पाणी नव्हतं, म्हणून पाय चांगले होते! एरवी आषाढीहून परतलेले वारकरी बोटांच्या बेचक्यात मेंदी थापून दुकानाच्या पायरीवर बसलेले असायचे. चिखल्या अंगावर काढल्या की तीच बुरशी हळूहळू नखाखाली घर करते. सगळं ओलीचं दुखणं आहे हे. देवळाबाहेर पाय धुवायला नळ असतो, पुसायला फडकं टांगलेलं कुठे बघितलंस? शाळेत हात धुवायचे सहा प्रकार शिकवतात, पाय पुसायचा एकही नाही. नगरपालिकेने फरशी बसवली, तिच्यावर पाणी... जाऊ दे, वहिनी म्हणते पत्र आहे की ठराव.

तुझ्या बाबतीत पाण्याचा नाही, घामाचा प्रश्न. बारा बारा तास ते कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट. दोन जोड मागून घे, आलटून पालटून घाल, एक जोड उन्हात राहू दे. मोजे सुती, रोज धुतलेले. आणि नेलकटर तुझा तुझ्यापुरता ठेव, नातवाची नखं त्याने कापू नकोस.

बुरशीच निघाली तर डॉक्टर बहुधा टर्बिनाफिन देतील, २५० मिलिग्रॅम, रोज एक, बारा आठवडे. आधी रक्त तपासून लिव्हर बघतात. तुझ्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ने, विसरलो म्हणू नकोस. थोडंसंच असेल तर नखावर आठवड्यातून एकदा लावायचं लॅकरही असतं. पण गोळ्या संपल्या तरी नख तसंच दिसेल, तेव्हा मला फोन करून डॉक्टरला शिव्या देऊ नकोस. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष, दीड वर्ष. चांगलं नख संपून खराब जिथे सुरू होतं तिथे कानशीने बारीक रेघ मार. नख वाढेल तशी ती रेघ पुढे सरकेलच. खराब भाग रेघेच्या पुढेच राहिला, मागे आला नाही, की समजायचं, औषध लागू पडलं. ब्लेडने कोरायचं तू फोनवर म्हणालास, ते मी ऐकलंच नाही असं समजतो.

आता खरं काय ते लिहितो. बुरशीचं मी इतकं लांबवलं ते हे लिहायला हात होत नव्हता म्हणून.

लग्नात वरात निघाली तेव्हा तुझी पट्ट्याची चप्पल मांडवाच्या दाराशी राहिली. तू तशीच पंधरा-वीस पावलं पुढे गेलास, एका पायात चप्पल, एका पायात नुसता मोजा, खाली खडी. तुला कळलं नाही. मी उचलून आणून दिली तेव्हा तू म्हणालास, "घाईत होतो." बापू, माईची चप्पल अशीच गळून पडायची. स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत यायची आणि एक मागे राहायची, आपण पोरं ती लपवून ठेवायचो. तिला कळत नाही हे कळायला आपल्याला किती वर्षं लागली. जाड नख आतल्या मांसाला दाबतं, जखम होते, आणि दुखलंच नाही तर मोजा काढून बघणार कोण? तिचंही सुरुवातीला नखच होतं.

सूनबाईला सांग, तू डोळे मिटून बस आणि तिने कापसाची वात तुझ्या तळव्याला, प्रत्येक बोटाला हळूच लावावी. लागलं की तू हो म्हणायचं. तिने न लावताच हो म्हणू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे. काय होतं ते तिलाच मला कळवू दे.

वहिनीने आण्णांच्या धोतराच्या चार पट्ट्या कापून कडा शिवल्यात. शेजारच्यांचा मुलगा शुक्रवारी पुण्याला निघालाय, त्याच्याकडे देतो. बेसनाचे लाडू तिने बाजूला ठेवले होते. ते मी काढून घेतले.

तुझा,
दादा

ता. क. साखर शेवटची कधी तपासलीस? आकडा लिहून पाठव. "ठीक आहे" असं नको, आकडा.