अम्मीचं ताट

आपल्या घरांत प्रेम बोलून दाखवायची फारशी रीत नाही. ते वाढून दाखवलं जातं. मुलगी शाळेतून आली, की अम्मीचा पहिला प्रश्न 'खाना खाया?' हाच असतो. पण तीच मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली, की त्याच तोंडून दुसरं वाक्य ऐकू येऊ लागतं. 'कम खा, मोटी हो जाएगी. रिश्ता कैसे आएगा?' 'खा' आणि 'खाऊ नकोस' अशा दोन हुकमांमध्ये आपल्या मुली वाढतात. मी पुण्यात उर्दू माध्यमाच्या एका शाळेत शिकवते. या दोन हुकमांत एक मुलगी कशी अडकली, हे मी जवळून पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

माझं बालपण भवानी पेठेत गेलं. दस्तरखान अंथरला, की आधी अब्बा, भाऊ, आलेगेले पाहुणे बसत. मग आम्ही बहिणी. अम्मी सगळ्यांत शेवटी, स्वयंपाकघरातच, पातेल्यात उरलेलं सालन रोटीनं पुसून जेवायची. बोटी बहुधा संपलेली असे. आग्रह केला तर म्हणायची, 'मेरा हो गया.' तिनं आम्हाला उपाशी राहायला कधीच शिकवलं नाही. पण बाईनं शेवटी जेवावं, कमी जेवावं, भूक लागली तरी सांगू नये, हा धडा आम्ही तिच्या ताटाकडे बघूनच शिकलो.

तेव्हा निदान भरल्या अंगाच्या मुलीला 'खाते-पीते घर की' म्हणत आणि ते कौतुक असे. आता बायोडाटावर उंची, रंग यांच्याबरोबर वजनही विचारतात. हातात मोबाइल आहे आणि त्यात दिवसभर बारीक कंबरेच्या मुली नाचत असतात. मुलीची आई स्वतः उपाशी राहून थकलेली असते, आणि मुलीचं लग्न अडू नये म्हणून तिचाही घास मोजू लागते. त्यात दुष्टपणा नसतो, भीती असते.

आमच्या शाळेत आठवीपर्यंत खिचडी मिळते. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असा सरकारी हिशेब आहे. नववीत हे जेवण बंद होतं, नेमकं मुलींच्या वाढीच्या वयात. ती मुलगी नववीत माझ्या वर्गात होती. हुशार, नीटनेटकी, अक्षर मोत्यासारखं. डबा आणायची, पण तो मैत्रिणींना वाटून टाकायची. रमजान आला. तिनं तीसच्या तीस रोजे ठेवले. घरात तिचं कौतुक झालं. मग शव्वालचे सहा रोजे ठेवले. मग सोमवार-गुरुवारचे सुरू झाले. इतकी इबादत करणाऱ्या मुलीला 'थांब' कोण म्हणणार?

एके दिवशी ती सकाळच्या प्रार्थनेत कोसळली. तिच्या अम्मीला बोलावून घेतलं. बोलता बोलता मी विचारलं, 'रमजानमध्ये हिचे रोजे एकदाही सुटले नाहीत?' वयात आलेल्या मुलीचे महिन्यातले काही दिवस रोजे सुटतातच, आणि ते नंतर पुरे करायचे असतात, हे आपल्या घरात प्रत्येक बाईला ठाऊक असतं. माझा प्रश्न ऐकून तिची अम्मी गप्प झाली. मुलीची पाळी चार महिन्यांपासून बंद होती. पंधराव्या वर्षी वजन ३३ किलो.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, अॅनोरेक्झिया नर्व्होसा. हा मनाचा आजार आहे आणि त्यानं जीवही जातो, हेही सांगितलं. रोजे तूर्त बंद, असं ते म्हणाले, आणि आपला दीनही आजाऱ्याला ही सवलत देतोच. बाहेर आल्यावर तिच्या अम्मीनं माझा हात धरला. 'टीचर, मेरा कसूर है क्या? मी तर फक्त एकदा म्हटलं होतं, की तुझी खालाजाद बहीण बघ कशी सडपातळ आहे.'

हा प्रश्न मला झोपू देईना. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो होतो, पण त्यात या आजाराचं नावही नव्हतं. मग मिळेल ते वाचलं. १८७३ मध्ये पॅरिसचे लासेग आणि लंडनचे विल्यम गल या दोन डॉक्टरांनी हा आजार मांडला. म्हणजे ही काही मोबाइलच्या जमान्याची देणगी नव्हे. पुढे हिल्ड ब्रुक या डॉक्टरबाईंनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात आईकडे लक्ष वेधलं. आई मुलाची भूक न ओळखता स्वतःच्या अंदाजानं भरवत राहिली, तर मुलाला आपली भूक कळेनाशी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर बरीच वर्षं सगळा दोष आईच्याच माथी मारला गेला. आजचे तज्ज्ञ तसं मानत नाहीत. आनुवंशिकता, मुलीचा स्वभाव, भोवतालचा समाज अशा अनेक गोष्टी एकत्र येतात.

समाजाचा हात किती, हे फिजी बेटांवर दिसलं. तिथंही भरलेलं अंग चांगलं मानत. १९९५ मध्ये एका भागात टीव्ही आला. तेव्हाच्या पाहणीत वजनासाठी उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी आढळली नव्हती. १९९८ मध्ये शंभरातल्या अकरा मुलींनी तसं करत असल्याचं सांगितलं.

'हे श्रीमंतांचे चोचले' असं आपल्याकडे म्हणतात. पण आपल्या मुलींचं रक्त आधीच कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुली रक्तक्षयी निघाल्या. त्यांच्या ताटातला घास आणखी काढून घेण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. आणि बारीक म्हणजे निरोगी, हेही खरं नाही. आपल्याच रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनानं कमी, पण अंगात चरबी राखून जन्मत होती. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या आणि फळं होती, त्यांची बाळं चांगली भरत होती. म्हणजे आईचं ताट मुलीपर्यंत तिच्या जन्माआधीच पोहोचतं.

त्या अम्मीला मी हे सगळं सांगितलं, आणि लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेल्या उपचाराबद्दलही सांगितलं. त्या उपचारात आईवडिलांना गुन्हेगार धरत नाहीत. मुलीला पुन्हा जेवतं करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवतात. आमच्या डॉक्टरांनीही तोच मार्ग धरला. दिवसातून पाच वेळा खाणं, समोर बसून, न रागावता, वजनाची चर्चा न करता. अम्मी म्हणाली, 'मग मलाही तिच्याबरोबर बसावं लागेल.' लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि गरम रोटी घेऊन सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसण्याची तिची ती पहिलीच वेळ. सासूबाई कुरकुरल्या. मुलीचे अब्बा रोट्या आणायला स्वतः उठू लागले.

मुलगी पूर्ण बरी झाली, असं मी म्हणणार नाही. मध्ये दोनदा वजन पुन्हा उतरलं. आता ती अकरावीत आहे, पाळी सुरू झाली आहे, आणि कधीकधी भूक लागल्याचं आपणहून सांगते.

माझ्या बहिणींनो, मुलगी डबा परत आणत असेल, जेवणानंतर न्हाणीघरात बराच वेळ घालवत असेल, पाळी चुकत असेल, तर नजर लागली म्हणून बसू नका, डॉक्टर गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथं मराठीतही बोलता येतं. पण त्याही आधी एक गोष्ट आजच करता येईल. तिच्या शेजारी बसा, आणि तिच्याइतकंच स्वतःलाही वाढून घ्या.